जीर्णोद्धार आणि वर्गणी : जुन्या भूमिकाखेळांच्या पुनरुज्जीवनाविषयी काही विचार

जीर्णोद्धार हा शब्द आपल्याकडे मुख्यतः देवळांच्या संदर्भात योजिला जातो. गावात वर्गणीची वही फिरते, ऐपतीप्रमाणे प्रत्येकजण आपला आकडा घालतो, आणि पडझड झालेले देऊळ पुन्हा उभे राहते. परंतु महाराष्ट्रात हिंडलेल्या कोणाही माणसाला आणखी एक गोष्ट ठाऊक असते. याच वर्गणीतून पुष्कळदा काळ्या पाषाणाच्या कोरीव खांबांवर तैलरंगाचे जाड थर चढतात, जुन्या फरसबंदीवर गुळगुळीत लाद्या बसतात आणि सभामंडपापुढे पत्र्याचे छप्पर येते. वर्गणी देणाऱ्यांची श्रद्धा खोटी नसते, पैशाचा अपहारही झालेला नसतो. आणि तरीही जे वाचवावयाचे होते तेच हातचे गेलेले असते. जुन्यातले नेमके काय जगवावयाचे हा प्रश्न श्रद्धेने सुटत नाही, पैशाने तर नाहीच. तो विवेकाने, म्हणजेच समीक्षेने, सोडवावा लागतो.

प्रस्तुत लेखात हा प्रश्न एका अगदी नव्या क्षेत्रात तपासावयाचा आहे. ते क्षेत्र म्हणजे संगणकावरील भूमिकाखेळांचे, ज्यांना सर्वत्र ‘रोल-प्लेइंग गेम’ असे म्हणतात. गेल्या दशकात यांपैकी काही जुने, बाजाराने टाकून दिलेले खेळ त्यांच्या चाहत्यांनी जगभरातून लोकवर्गणी जमवून पुन्हा उभे केले. वाङ्मयसमीक्षेला वाहिलेल्या नियतकालिकात या विषयाचे काय प्रयोजन, अशी शंका कोणी घेतल्यास ती अस्थानी म्हणता येणार नाही. तिचे उत्तर एवढेच, की ज्या कृती येथे विचारात घ्यावयाच्या आहेत त्यांचे मुख्य द्रव्य भाषा हेच आहे. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्लेनस्केप : टॉर्मेंट’ या खेळात सुमारे आठ लाख शब्दांची संहिता आहे. आकाराने ती अनेक बृहत्कादंबऱ्यांना मागे टाकील. इतका मजकूर लक्षावधी लोक वाचतात, त्यावर वाद घालतात, तो पुन्हा मिळावा म्हणून पदरचे पैसे देतात, आणि समीक्षक मात्र त्याची दखल घेत नाही, ही स्थिती समीक्षेलाच उणेपणा आणणारी आहे.

प्रथम या प्रकाराचे स्वरूप पाहू. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या नावाचा एक बैठा खेळ प्रसिद्ध केला. चारसहा जण टेबलाभोवती बसतात. एकजण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो, बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीने काय करणार ते सांगतात, आणि जेथे यशापयश अनिश्चित असेल तेथे फासे निर्णय देतात. प्रत्येक पात्राचे बळ, चापल्य, बुद्धी, प्रज्ञा इत्यादी गुण आकड्यांनी नोंदलेले असतात. संगणकावरील भूमिकाखेळ हे याच बैठकीचे अपत्य होय. त्यात सूत्रधाराची जागा यंत्राने घेतली, आणि पूर्वी तोंडी सांगितले जाणारे आता पडद्यावर लिहून येऊ लागले. दुसरे पात्र काही बोलते, त्याखाली चारपाच संभाव्य उत्तरे दिसतात, खेळणारा त्यांतले एक निवडतो, आणि त्या निवडीनुसार पुढील कथा वळण घेते.

आपल्या नाट्यशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर अनुकार्य, अनुकर्ता आणि सामाजिक ही तीन स्थाने येथे एकाच व्यक्तीच्या ठायी येतात. नाटकात दुष्यंत वेगळा, त्याची भूमिका करणारा नट वेगळा आणि रसास्वाद घेणारा प्रेक्षक वेगळा. शकुंतलेला न ओळखण्याचे पाप दुष्यंताच्या माथी असते, आपण केवळ हळहळतो. भूमिकाखेळात पात्राच्या तोंडचे कठोर वाक्य स्वतः खेळणाऱ्याने निवडलेले असते. त्यामुळे येथील अनुभवात रसिकाच्या तादात्म्याबरोबरच कर्त्याची जबाबदारी मिसळते. कादंबरी आणि नाटक यांना जे साधत नाही असे काही या प्रकाराजवळ असेल, तर ते हेच होय. आणि एखादा जुना खेळ पुन्हा उभा करण्याच्या योग्यतेचा आहे की नाही हे ठरविताना याच वैशिष्ट्याकडे पाहावे लागेल.

हे खेळ नष्ट होतात तरी कसे, हेही समजून घेणे अवश्य आहे. पुस्तक जुने झाले म्हणजे त्याचे कागद पिवळे पडतात, परंतु वाचण्यास डोळ्यांवाचून दुसरे साधन लागत नाही. जुने नाटक संहितेवरून पुन्हा बसविता येते. सुनील बर्वे यांनी २०१० पासून ‘हर्बेरियम’ या उपक्रमात काही जुनी मराठी नाटके पंचवीस-पंचवीस प्रयोगांपुरती रंगभूमीवर आणली, ती या सोयीमुळेच. खेळाचे तसे नाही. तो ज्या यंत्रासाठी लिहिला ते यंत्र कालबाह्य झाले, की त्याची संहिताच मुकी होते. त्यात हक्कांचा गुंता असतो. कंपन्या बुडतात, विकल्या जातात, आणि कृतीचा मालकी हक्क अशा कोणाच्या तिजोरीत जाऊन पडतो की ज्याला ती कृती काय आहे याचीही कल्पना नसते. ‘सिस्टिम शॉक २’ या गाजलेल्या खेळाचे हक्क काही काळ एका विमा कंपनीकडे होते. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेने २०२३ साली केलेल्या पाहणीत असे आढळले, की २०१०पूर्वी त्या देशात प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आता बाजारात रीतसर मिळतच नाहीत. अवघ्या काही दशकांच्या वाङ्मयाची ही अवस्था आहे.

तिसरे कारण बाजाराचे. २०००नंतर खेळांच्या निर्मितीचा खर्च अतोनात वाढला. अभिनेत्यांचे आवाज, चित्रपटासारखी दृश्ये यांवाचून खेळ खपत नाही अशी प्रकाशकांची समजूत झाली. प्रत्येक वाक्य ध्वनिमुद्रित करावयाचे म्हटले म्हणजे वाक्ये कमी करणे ओघाने आलेच. शब्दबहुल आणि संथ अशा भूमिकाखेळांना पैसे द्यावयास मोठे प्रकाशक तयार होईनात. ‘टॉर्मेंट’ घडविणारी ब्लॅक आयल ही शाखा २००३ अखेर बंद पडली. तिच्यातील काही मंडळींनी ऑब्सिडियन ही नवी संस्था काढली खरी, पण त्यांनाही जुन्या पद्धतीचे काम मिळेना.

या कोंडीतून वाट निघाली ती लोकवर्गणीची. २००९ साली अमेरिकेत सुरू झालेल्या किकस्टार्टर या व्यासपीठाची रीत साधी आहे. कर्त्याने आपला संकल्प मांडावा, लागणारी रक्कम आणि मुदत जाहीर करावी. मुदतीत तेवढी रक्कम कबूल झाली तरच ती वर्गणीदारांकडून वसूल होते, नाही तर कोणाचेच काही जात नाही. वर्गणीदाराला नफ्यात वाटा मिळत नाही. तयार झालेली कृती आणि फार तर कृतज्ञतेचे काही चिन्ह मिळते. मराठी वाचकाला यात अपूर्व असे काही वाटावयाचे कारण नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड काढले ते कोणा संस्थानिकाच्या मेहेरबानीवर नव्हे. त्यांनी भागभांडवलाची मंडळी स्थापिली आणि गावोगाव वर्गणीदार मिळविले. श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ हा १९७६चा चित्रपट गुजरातच्या सुमारे पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन उभा केला, आणि त्याची पटकथा विजय तेंडुलकरांची होती. २०२४ साली त्या चित्रपटाची जीर्णोद्धार केलेली प्रत कान महोत्सवात दाखविण्यात आली.

तथापि एक भेद लक्षात ठेवला पाहिजे. ज्ञानकोशाचे किंवा ‘मंथन’चे वर्गणीदार अजून न झालेल्या वस्तूसाठी पैसे देत होते. जुन्या खेळाचा वर्गणीदार आपल्या आठवणीतल्या वस्तूसाठी पैसे देतो. तो एका अर्थी समीक्षकच असतो. ही कृती पुन्हा हवी, असा निवाडा तो खिशात हात घालून देतो. पण स्मरण हा फार लबाड समीक्षक आहे. विसाव्या वर्षी रात्र जागून खेळलेला खेळ पुन्हा हवासा वाटतो, तेव्हा तो खेळ हवा असतो की ते विसावे वर्ष, हे ज्याचे त्याला सांगता येत नाही. म्हणून स्मरणरंजनाच्या पलीकडे जाणाऱ्या काही कसोट्या हव्यात. तीन कसोट्या येथे सुचवाव्याशा वाटतात.

पहिली कसोटी आशयाची. कृतीने विचारलेला प्रश्न अजून जिवंत आहे काय? ‘टॉर्मेंट’चा नायक निनावी आहे. तो शवागारात जागा होतो. तो अमर आहे, परंतु दरवेळी मेल्यावर त्याची स्मृती पुसली जाते, आणि मागील आयुष्यांत त्याने स्वतःसाठी ठेवलेल्या सूचना त्याच्याच पाठीवर गोंदलेल्या आहेत. हळूहळू त्याला कळते, की या विसरलेल्या आयुष्यांत त्याने अनेकांचा विश्वासघात केला आहे, आणि त्याच्याबरोबर चालणारे सोबती हे त्याच्याच जुन्या कृत्यांनी जखडलेले जीव आहेत. माणसाचा स्वभाव कशाने बदलू शकतो, असा या खेळाचा मध्यवर्ती प्रश्न. खेळणारा त्याला अनेक उत्तरे देऊ शकतो, आणि रचनाकारांनी त्यांपैकी एकच बरोबर असे ठरविलेले नाही. पूर्वजन्मीचे कर्म आणि त्याचे भोग यांची कल्पना ज्या संस्कृतीच्या रोजच्या बोलण्यात मुरलेली आहे, तिच्या वाचकाला हा प्रश्न परका वाटू नये. उलट स्मृती नसताना जबाबदारी उरते काय, हा त्यातला पेच आपल्या कर्मविचारालाही अडचणीत टाकणारा आहे.

या आशयाची प्रतीती खेळाच्या घडणीतूनच कशी येते याचे एक उदाहरण देतो. डॅकॉन हा नायकाचा एक सोबती. त्याच्याजवळ त्याच्या पंथाचा धर्मग्रंथ आहे, आणि तो दगडी वर्तुळांच्या एकात एक गुंतलेल्या कड्यांचा आहे. ही वर्तुळे फिरवून ग्रंथ एकेक पायरीने उलगडावा लागतो, आणि नायकाची प्रज्ञा जितकी अधिक तितका त्याला त्याचा अर्थ खोलवर कळतो. शिष्य म्हणून वाचावयास बसलेला नायक पुढे गुरूलाच त्याच्या ग्रंथाचा त्याला न उमगलेला अर्थ सांगू शकतो. आणि मग उघड होते, की हा ग्रंथ पूर्वीच्या एका आयुष्यात नायकानेच, डॅकॉनला आपल्या सेवेत अडकविण्यासाठी, त्याच्या हाती दिला होता. अर्थ लावणे ही येथे निरुपद्रवी क्रिया राहत नाही, ते एका माणसाचे ऋण फेडणे होते. ज्याने आयुष्य अनुवादात घालविले आहे त्याला या प्रसंगाचे मोल निराळे सांगावयास नको.

दुसरी कसोटी घाटाची. कृतीने जे साधले ते अन्यत्र मिळत नाही, असे आहे काय? ज्या गोष्टी पुढील खेळांनी आत्मसात केल्या, त्यांच्यासाठी जुन्याचे पुनरुज्जीवन करणे म्हणजे झरा वाहता असताना आटलेली विहीर उपसणे होय. १९८८ सालच्या ‘वेस्टलँड’ या खेळाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. अणुयुद्धानंतरच्या अमेरिकन वाळवंटात फिरणाऱ्या रक्षकांच्या तुकडीची ही कथा. एका वस्तीतला मुलगा आपला हरवलेला कुत्रा शोधून देण्याची विनवणी करतो. कुत्रा सापडतो तो पिसाळलेला, त्याला मारण्यावाचून गत्यंतर उरत नाही, आणि तोच मुलगा पुढे सूड घेण्यासाठी चालून येतो. या खेळात केलेल्या कृत्यांची नोंद खेळाच्या तबकडीवरच होत असे. रक्षकांनी जे बिघडविले ते बिघडलेलेच राही. ही अटळता हा ‘वेस्टलँड’चा प्राण होय. १९९७चा ‘फॉलआउट’ हा खेळ याच मातीतून उगवला, कारण ‘वेस्टलँड’चे हक्क दुसऱ्याकडे असल्यामुळे मूळ कर्त्यांना नवे नाव घ्यावे लागले. परंतु पुढे ‘फॉलआउट’चीच मालिका दुसऱ्या हाती जाऊन दिसण्यात व चालीत बदलली. म्हणजे मूळ चवीची एक जागा पुन्हा रिकामी झाली होती.

तिसरी कसोटी साधनांची, आणि ती सर्वांत अवघड. जुन्या कृतीत निवड कोणती आणि लाचारी कोणती, हे ओळखावे लागते. ‘वेस्टलँड’च्या वेळी तबकडीवर मजकुराला जागा पुरत नसे. म्हणून मोठे परिच्छेद एका छापील पुस्तिकेत दिलेले असत, आणि पडद्यावर अमुक क्रमांकाचा परिच्छेद वाचा अशी सूचना येई. पुस्तिका आधीच वाचून काढणाऱ्या उतावळ्यांना फसविण्यासाठी तिच्यात मंगळावरील स्वारीची एक साफ खोटी कथाही पेरलेली होती. ही पुस्तिका निःसंशय लाचारीतून आली. पण तिने एक खेळकर नाते निर्माण केले, हेही तितकेच खरे. जीर्णोद्धार करणाऱ्याने पुस्तिका परत छापावी काय? माझ्या मते नाही. त्याने एवढेच जाणावे, की शब्दांवर विश्वास ठेवणारा वाचक या खेळाने गृहीत धरला होता, आणि तो वाचक पुढेही गृहीत धरावा. अनुवादात वृत्त बदलते, प्रास सुटतो, पण मूळ कवीने वाचकाकडून जी अपेक्षा केली ती खाली आणण्याचा अधिकार अनुवादकाला नसतो. तसेच हे आहे.

आता प्रत्यक्षात काय घडले ते पाहू. ‘वेस्टलँड’चे मूळ निर्माते ब्रायन फार्गो यांनी मार्च २०१२मध्ये ‘वेस्टलँड २’साठी नऊ लाख डॉलर मागितले. ६१,०००हून अधिक लोकांनी एकूण सुमारे २९ लाख डॉलर दिले, आणि सप्टेंबर २०१४मध्ये खेळ प्रसिद्ध झाला. त्याच्या आरंभीच एक प्रसंग आहे. दोन वस्त्यांकडून एकाच वेळी मदतीची हाक येते. एक अन्न पिकविणारी, दुसरी पाणी पुरविणारी. एकीकडे जावे तर दुसरी नष्ट होते, आणि वाचू न शकलेल्या माणसांचे आवाज बिनतारी यंत्रावर ऐकावे लागतात. मूळ कृतीत हा प्रसंग नाही. तरी तो मूळ कृतीचाच आहे, कारण पिसाळलेल्या कुत्र्याच्या प्रसंगातली अटळता येथे नव्या साधनांनी अधिक धारदार झाली आहे. अनेक उणिवा असूनही हा जीर्णोद्धार सार्थ ठरतो तो या कारणाने.

ऑब्सिडियनने २०१२च्या शरदात ‘पिलर्स ऑफ इटर्निटी’साठी सुमारे ४० लाख डॉलर जमविले आणि मार्च २०१५मध्ये खेळ दिला. १९९८च्या ‘बाल्डर्स गेट’चा घाट घेऊन नवे जग रचण्याचा तो प्रयत्न होता, आणि एकंदरीत यशस्वी होता. परंतु वर्गणीचा एक दोष येथे उघडा पडला. मोठी रक्कम देणाऱ्यांना आपल्या नावाचे पात्र किंवा आपल्या शब्दांतला स्मृतिलेख खेळात ठेवण्याची मुभा होती. त्यामुळे खेळातल्या नगरांतून कथेशी काडीचाही संबंध नसलेली, सोनेरी नामफलक मिरविणारी माणसे उभी राहिली, आणि एका थडग्यावरील वर्गणीदाराचा अपमानकारक मजकूर वाद झाल्यावर बदलावा लागला. देवळाच्या पायऱ्यांवर दात्यांची नावे कोरलेली आपण पाहतो, पण ती पायऱ्यांवर असतात, गाभाऱ्यात नसतात. दात्याची जागा कोठवर, याचा विवेक त्या परंपरेला होता. कृतीच्या आत जागा विकली, की तिची एकात्मता तेवढी भंगते.

सर्वांत शिकण्यासारखे उदाहरण अर्थातच ‘टॉर्मेंट’च्या वारसाचे. ‘टॉर्मेंट : टाइड्स ऑफ न्यूमेनेरा’ या संकल्पाला मार्च २०१३मध्ये ७४,०००हून अधिक लोकांनी सुमारे ४१ लाख ९० हजार डॉलर दिले, मागितलेले नऊ लाख काही तासांतच पुरे झाले होते. रक्कम वाढत गेली तशी आश्वासनेही वाढत गेली. अमुक लाख झाले तर आणखी एक सोबती, तमुक लाख झाले तर आणखी एक नगर. फेब्रुवारी २०१७मध्ये खेळ आला तेव्हा यांतील काही आश्वासने गळून पडली होती. कबूल केलेला इटालियन अनुवादही त्यांत होता, आणि त्या भाषेतील वर्गणीदार रुष्ट झाले. एखाद्या भाषेच्या वाचकांकडून वर्गणी घ्यावी, आणि काटकसरीची वेळ येताच प्रथम त्यांचीच भाषा वगळावी, हे अनुवादाच्या क्षेत्रातल्या माणसाला अपरिचित नाही.

पण खरी उणीव आश्वासनांची नव्हती. जुन्या जगाचे हक्क मिळणे शक्य नसल्यामुळे कर्त्यांनी नवे जग घेतले, आणि प्रश्नही बदलला. एका आयुष्याचे मोल ते काय, असा नवा प्रश्न त्यांनी घातला. इथवर त्यांची दृष्टी सच्च्या अनुवादकाची आहे. मात्र जुन्या कृतीची बाह्य लक्षणे त्यांनी हट्टाने जपली. स्मृतिहीन नायक, चिन्हांकित देह, विचित्र नगरी, पाठलाग करणारी अनामिक शक्ती, सारे काही आहे. त्यामुळे घडले ते असे. मूळ खेळातील नायक स्वतःच्या पापांचा शोध घेत होता. नव्या खेळातील नायक हा एका देहांतर करणाऱ्या पुरुषाने टाकून दिलेल्या देहात जागी झालेली नवी जाणीव आहे. ज्या कर्मांची फळे तो भोगतो ती त्याची नाहीत. अपराधाच्या जागी वारसा आला. वारसा हा विषय कमी प्रतीचा नव्हे, पण त्याला स्वतःचा घाट हवा होता, अपराधाच्या कथेचे कपडे त्याला सैल होतात. नगरीत भेटणारा जो तो आपली विलक्षण कहाणी सांगतो, वर्णने डोळे दिपवितात, परंतु यांतले कोणीच आपले देणेकरी किंवा घेणेकरी नसते. डॅकॉनचे वर्तुळ फिरविताना जो हात कापतो, तो येथे फारसा कापत नाही. रंग ताजा आहे, खांबही तितकेच आहेत, मूर्तीची जागा मात्र थोडी सरकलेली आहे.

यावरून वर्गणीला दोष देणे योग्य होणार नाही. तिच्यावाचून यांपैकी एकही कृती झाली नसती. शिवाय मूळ ‘टॉर्मेंट’ही २०१७ साली नव्या यंत्रांवर चालेल अशा सुधारलेल्या आवृत्तीत उपलब्ध झाला, म्हणजे मूळ आणि वारस एकाच वर्षी शेजारीशेजारी ठेवून पाहण्याची सोय झाली. पुनरुज्जीवनाचे हेही एक फळ मानले पाहिजे. वारस उभा राहिला म्हणून मूळ पुरुषाची चौकशी होते, आणि चौकशी होते म्हणून तो जगतो.

भारतीय वाचकाचा या सगळ्याशी संबंध काय? एक संबंध ऋणाचा आहे. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही हे खेळ आपल्याकडील पुष्कळांना भेटले ते दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळणाऱ्या बिनपरवाना सीडींतून. मूळ लेखकाच्या हाती त्यातला एक पैसाही गेला नाही. दुसरा संबंध श्रमाचा आहे. आज गुरुग्राम आणि नोएडा येथील चित्रशाळांत परदेशी खेळांसाठी आकृती, वस्त्रे, वास्तू घडविल्या जातात. हात येथले असतात, संहिता तिकडची असते.

स्वतःची संहिता लिहिण्याचे प्रयत्न अगदीच झाले नाहीत असे नाही. पायरोडॅक्टिल या छोट्या भारतीय गटाने २०१३ साली ‘अनरेस्ट’ या भूमिकाखेळासाठी अवघे तीन हजार डॉलर मागितले, आणि त्याला त्याच्या दहापटीहून अधिक मिळाले. २०१४ साली आलेल्या या खेळात प्राचीन भारतासारखे एक काल्पनिक, दुष्काळाने गांजलेले राज्य आहे, आणि खेळणारा वीरपुरुष नसून साधी माणसे होतो. त्यांत घरच्यांनी लग्न ठरविलेली शेतकऱ्याची पोर आहे. शस्त्र उचलण्यापेक्षा काय बोलावे हेच तेथे निर्णायक ठरते. ‘टॉर्मेंट’चा खरा वारसा बाह्य लक्षणांशिवायही चालविता येतो, हे या लहानशा कृतीने दाखविले. उलट पुण्याच्या नॉडिंग हेड्स या संस्थेने ‘राजी’साठी २०१७ साली मागितलेली वर्गणी पुरी झाली नाही, तो खेळ कर्त्यांनी अन्य मार्गांनी २०२० साली पुरा केला. ‘राजी’ हा भूमिकाखेळ नव्हे आणि पुनरुज्जीवनही नव्हे. तथापि वर्गणीदारांची मुख्य गर्दी स्मृतीच्या मागे असते, आणि ज्याची स्मृती अजून झालेली नाही त्याला झगडावे लागते, हे त्यातून ध्यानी येते.

हीच या साऱ्या प्रकरणातील खरी जोखीम होय. वाचकवर्गाजवळचा पैसा आणि उत्साह मर्यादित असतो. तो सगळा गतवैभवाच्या रंगरंगोटीत खर्च झाला, तर उद्या ज्याचा जीर्णोद्धार करावा असे आज काही उभेच राहणार नाही. म्हणून जुन्या कृतीच्या नावाने वही पुढे आली म्हणजे आकडा घालण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. हिचा प्रश्न अजून अनुत्तरित आहे काय? हिच्या घाटाची जागा अजून रिकामी आहे काय? आणि हिच्यातले लाचारीने आलेले काय आणि बुद्ध्या निवडलेले काय, हे कर्त्याला नीट कळले आहे काय? तिन्हींची उत्तरे होकारार्थी असतील तर वर्गणी सत्कारणी लागेल. एकाचेही नकारार्थी असेल तर मूळ कृतीची चालू शकेल अशी प्रत जतन करावी, ती वाचणाऱ्यांच्या हाती राहील अशी व्यवस्था करावी, आणि उरलेले पैसे एखाद्या अनोळखी नव्या लेखकाच्या वहीत घालावेत. कालांतराने त्याचीही कृती जुनी होईल, आणि तिचे काय जगवावे याचा विचार पुढच्यांना करावा लागेल.